प्रश्नावलीबाहेरचा विद्यार्थी

करोनाच्या काळात महाविद्यालये बंद होती. त्या काळात एका प्रकारच्या लेखनाला मात्र बहर आला. ‘ऑनलाइन शिक्षणाविषयी विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन : एक अभ्यास’ अशा धर्तीच्या नावांचे शोधनिबंध चर्चासत्रांच्या अंकांतून ढिगाने छापून आले. साहित्यचर्चेत या लेखनाला कोणी जागा देणार नाही. परंतु विद्यार्थ्याच्या मनात काय आहे ते आम्हांला कळले आहे, असा दावा करणारे हे लेखन आहे, आणि त्या दाव्यावर पुढे धोरणे ठरतात. म्हणून त्याची समीक्षा झाली पाहिजे. ती मी करावी याला आणखी एक कारण आहे. भिवंडीतल्या एका महाविद्यालयात मी शिकवतो. २०२१ साली अशी एक प्रश्नावली मीही तयार केली होती, तिच्यावर निबंध लिहिला होता आणि त्याचे प्रमाणपत्र माझ्या फायलीत आहे.

या निबंधांचा साचा ठरलेला असतो. आरंभी महामारीचे एक वाक्य, मग गुगल फॉर्म, मग रंगीत वर्तुळे, शेवटी शिफारशी. फॉर्म व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायचा. म्हणजे ज्याच्याकडे फोन आहे, फोनमध्ये डेटा आहे आणि जो गटात आहे, त्यालाच विचारायचे की तुला ऑनलाइन शिक्षण पोहोचते काय! जो पोहोचलाच नाही तो ‘असमाधानी’ या रकान्यातही येत नाही. तो नसतोच. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या जेमतेम २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात १५ टक्के. संगणक तर दहा-अकरा टक्के घरांत. हे आकडे या निबंधांच्या प्रस्तावनेत येतात आणि निष्कर्षाच्या वेळी गायब होतात.

परंतु नमुना कसा निवडला हा तांत्रिक दोष झाला. तो दुरुस्त करता येईल. मला अधिक खुपते ती या लेखनाची भाषा. त्यात ‘नेटवर्कची अडचण’, ‘साधनांची अनुपलब्धता’, ‘घरातील वातावरण’ असे शब्द येतात. ही अडचण कोणाची, कोणी केलेली, कधीपासूनची, याचा पत्ता नाही. पाऊस पडावा तशी ती पडलेली असते. ‘घरातील वातावरण’ हा तर पांढरपेशा शब्द आहे. ज्या घरात अभ्यासाची खोली आहे तिथे वातावरण बिघडू शकते. ज्या घरात एकच खोली आहे, तिथे वातावरण हा प्रश्नच नाही. प्रश्न जागेचा आहे.

भिवंडीत मार्च २०२० च्या अखेरीस माग थांबले. ज्या गावाला खटखटाटाशिवाय झोप येत नाही ते गाव एकदम गप्प झाले. मेच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक गाडी सुटली. त्याआधीच कितीतरी माणसे नाशिकच्या रस्त्याने चालत निघाली होती. माझ्या वर्गातल्या दोन मुलांचे बाप त्यांत होते, मुलेही होती. २१ सप्टेंबरच्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि सुमारे ४० माणसे झोपेत दबून मेली. ‘घरी राहा, घरून शिका’ असे आपण सांगत होतो ते या गावातल्या घरांना उद्देशून. त्याच ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला, परीक्षा घेतल्याशिवाय अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही, असा निर्णय दिला होता. परीक्षा झाली पाहिजे, हे ठीक. पण ती कुठे बसून द्यायची?

या ठिकाणी आपल्या साहित्याची आठवण होते. ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘उपरा’ (१९८०) ही आत्मकथने एका परीने विद्यार्थ्यांनी शिक्षणाविषयी दिलेल्या साक्षी आहेत. त्यांना कोणी प्रश्नावली पाठवली नव्हती. शिक्षण कसे मिळाले हे सांगताना भूक, वसतिगृह, नातलगांचे दार आणि बसायची जागा यांना वगळून त्यांचे पान पुढे सरकत नाही. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसावे लागे, बसायला गोणपाट घरून न्यावे लागे. वर्गात इतरांच्या बरोबरीने बसायला मिळणे ही आपल्याकडे सोय नव्हती, ती भांडून मिळवलेली जागा होती. म्हणून वर्ग बंद होणे म्हणजे एक माध्यम जाऊन दुसरे येणे, एवढाच अर्थ आपल्या विद्यार्थ्याच्या लेखी होत नाही. प्रश्नावलीला हे ठाऊक नसते. तिच्या लेखी वर्ग म्हणजे माहिती पोहोचवण्याची एक पद्धत.

पडद्यावरच्या वर्गात काय घडत होते ते मी पाहिले आहे, आणि त्यात माझाही दोष आहे. ‘कॅमेरा चालू करा’ असे मी शिस्त म्हणून ओरडत असे. एका मुलीने बरेच दिवस चालू केला नाही. मी तिची हजेरी कापली. पुढे वर्ग उघडल्यावर ती म्हणाली, “सर, मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. गटातल्या मुली विचारतील म्हणून.” वर्गात ती हजेरीक्रमांक होती, पडद्यावर तिचे आडनाव अक्षरांत झळकत होते, आणि भिंतही बोलत होती. दुसरा एक मुलगा भावाच्या फोनवरून येई, म्हणून नाव भावाचे दिसे. त्याला मी ‘अनोळखी व्यक्ती’ समजून दोनदा बाहेर काढले. या दोघांनीही माझा फॉर्म भरला होता. दोघेही ‘समाधानी’ होते. मास्तरांनी पाठवलेल्या फॉर्मवर, नावासकट, विद्यार्थी दुसरे काय लिहील?

तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सगळेच समाधान खोटे नव्हते. काल्हेर, पूर्णा, राहनाळच्या गोदामांत पार्सले भरणारी आमची मुले कानात यंत्र घालून व्याख्यान ऐकत होती. एरवी ती गैरहजरच असायची. घराबाहेर पाठवत नव्हते अशा काही मुली, घरात बसून शिकता येते म्हणूनच पुढे शिकल्या. त्यांच्यासमोर वर्गाचे गोडवे गाणे हा आमचा मास्तरी अहंकार ठरेल. पण त्यांना हवे होते ते काय? कामाच्या वेळेशी जुळणारे शिक्षण आणि घरातून मिळालेली मोकळीक. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी भरवले. कष्टकरी विद्यार्थ्याची गरज ओळखून त्यांनी वर्गाची वेळ बदलली, वर्ग काढून घेतला नाही. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवावा असा मसुदा पुढे ठेवला. त्यानंतर आमच्या चर्चासत्रांतून ‘विद्यार्थी समाधानी आहेत’ हे वाक्य वाढत्या उत्साहाने ऐकू येऊ लागले. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरण्यापेक्षा ते स्वस्त पडते, हे कोणत्याही वर्तुळात दाखवलेले मी पाहिले नाही.

आणि आपले लेखक? महामारीवर कविता पुष्कळ आल्या, त्यांत चालणारा मजूर आहे. त्या मजुराचा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा मला त्यांत फारसा भेटला नाही. प्रश्नावलीला दोष देताना हेही सांगितले पाहिजे, की तिने निदान त्याला विचारले तरी.

यंदा मी वर्गात कोरे कागद वाटले. आज माझ्यासमोर बसणारी मुले तेव्हा शाळेत होती. त्या दोन वर्षांत तुम्ही कुठे बसत होतात, एवढेच लिहा, भाषा कोणतीही चालेल, नाव नको, असे सांगितले. काहींनी चार ओळी लिहिल्या, काहींनी पाठपोट. एकाने घराचा नकाशा काढून त्यात स्वतःला जिन्यावर दाखवले आहे. मराठी आणि हिंदीतले कागद मी वाचले. उर्दूतले मला वाचता येत नाहीत; शेजारच्या विभागातल्या बाईंकडून रोज मधल्या सुट्टीत दोन-दोन वाचून घेतो आहे.