निदेशकाच्या वहीत काय असावे?

अर्नेस्ट बॉयर यांचा ‘स्कॉलरशिप रिकन्सिडर्ड’ हा छोटेखानी अहवाल कार्नेगी प्रतिष्ठानने १९९० साली प्रसिद्ध केला. विद्वत्ता म्हणजे केवळ संशोधन नव्हे. शोध, समन्वय, उपयोजन आणि अध्यापन अशी तिची चार अंगे आहेत, असे त्याचे प्रतिपादन. अमेरिकी प्राध्यापकांसाठी लिहिलेला हा अहवाल पुढे व्यवसाय शिक्षणाच्या चर्चेतही आधाराला घेतला जाऊ लागला. आपल्या आयटीआयमधल्या शिल्प निदेशकाला तो कितपत उपयोगी पडेल?

ज्ञान वापरता वापरताच नवे ज्ञान जन्मते, हा बॉयर यांचा मुद्दा मोलाचा आहे. पण ते घडावे कसे, याबाबत अहवाल त्रोटक आहे. शिवाय त्यांच्या डोळ्यांसमोर आहे तो विद्यापीठातून समाजाकडे जाणारा माणूस. निदेशकाची गोष्ट उलटी. त्याच्या विषयातले पुष्कळसे ज्ञान कारखान्यातच तयार होते, आणि वर्गात शिरल्यावर ते हळूहळू त्याला दुरावते.

लेथचेच उदाहरण घेऊ. फ्रेडरिक टेलर (घड्याळ लावून कामगारांचे काम मोजणारा म्हणून बदनाम झाला, तोच) स्वतः कारखान्यात उमेदवारी केलेला माणूस. धातू कापण्यावर २६ वर्षे प्रयोग करून त्याने १९०६ साली निष्कर्ष मांडले. कापण्याचा वेग आणि हत्याराच्या आयुष्याचा ठरावीक घात यांचा गुणाकार स्थिर राहतो, हे त्यातले सूत्र. हा घातांक हायस्पीड स्टीलसाठी सुमारे ०.१२५, तर कार्बाइडसाठी सुमारे ०.२५ धरतात. आता वेग १० टक्के वाढवून गणित करून पाहा. हायस्पीड स्टीलच्या हत्याराचे आयुष्य निम्म्याहूनही कमी होते. कार्बाइडचे मात्र जवळजवळ दोन तृतीयांश शिल्लक राहते! म्हणजे जुन्या हत्यारावर हात बसलेल्या निदेशकाचा वेगाबद्दलचा सल्ला कार्बाइडच्या टिपांवर काम करणाऱ्या मुलाला चुकीचा ठरू शकतो.

औद्योगिक भेटीचे काही अहवाल मी चाळले आहेत. त्यांत यंत्रांची यादी असते, स्वागताचे छायाचित्र असते, आभार असतात. मोजलेला एकही आकडा नसतो.

निदेशकाने पंधरा दिवस एकाच लेथपाशी उभे राहावे. वेग, फीड, कापाची खोली आणि टिपेची झीज ०.३ मिलिमीटर होईपर्यंत गेलेली मिनिटे लिहावीत. वेग आणि आयुष्य यांचा लॉग आलेख काढला तर बिंदू साधारण सरळ रेषेत यायला हवेत. कारागीर टीप त्याआधीच बदलत असेल तर का, ते विचारावे. आवाज बदलला म्हणून? की बिघडलेला जॉब टिपेपेक्षा महाग पडतो म्हणून? वर्गात परतल्यावर याच आकड्यांवर पाठ बेतता येतो, आणि बॉयर यांची चारही अंगे त्यात येतात.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने विद्यार्थ्याला कारखान्याचे दार उघडून दिले. शिकवणाऱ्यासाठी तसे काही त्यात नाही. अशा कामाची दखल बढतीच्या वेळी घ्यावी असे बॉयर म्हणतात, ते योग्यच. पण भेटींची संख्या मोजली तर भेटीच वाढतील. मी तर वही मागेन.