शाप कळण्याआधी

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’वर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वजनदार आहे. महाभारताच्या आदिपर्वातल्या दुष्यंताला सगळे आठवत असते. तरीही तो भर दरबारात शकुंतलेला झिडकारतो. आकाशवाणी झाल्यावर तिला स्वीकारतो आणि लोकांनी शंका घेऊ नये म्हणून असे वागलो, असे सांगतो. कालिदासाने या कथेत शकुंतलेचा विसर पाडणारा दुर्वासांचा शाप आणला, तो उतरवणारी अंगठी आणली आणि राजाच्या खोटेपणाची विस्मृती केली. सत्ताधारी पुरुषाला कवीने सोयीची पळवाट काढून दिली, असे कोणी म्हटले तर ते चटकन खोडून काढता येत नाही.

मात्र कोणती गोष्ट कोणाला केव्हा कळते, याकडे लक्ष ठेवून नाटक वाचले की वेगळेच काही दिसू लागते. शाप चौथ्या अंकातच प्रेक्षकांना कळतो, शकुंतलेच्या सख्या अनसूया-प्रियंवदा यांना कळतो. दुष्यंताला तो कळतो सातव्या अंकाच्या अखेरीस, मारीच ऋषींच्या तोंडून. मधल्या काळात, आठवण परतल्यावर, तो जे भोगतो, बोलतो, करतो, ते सारे दोष आपलाच आहे असे मानून. आपण निर्दोष ठरू शकतो हे ठाऊक होण्याआधी तो क्षमा मागतो. शाकुंतलाचे नैतिक बळ मला या क्रमात दिसते.

या प्रेमातली विषमता कालिदास कुठेही लपवत नाही. पहिल्या अंकात दुष्यंत आपण राजा असल्याचे सांगत नाही. राजाने धर्माधिकारावर नेमलेला माणूस म्हणून वावरतो. तो शकुंतलेच्या जन्माची बारीक चौकशी करतो आणि स्वतःची ओळख मात्र झाकून ठेवतो. तिसऱ्या अंकात अनसूया त्याला स्पष्टच सुनावते की, राजांना अनेक राण्या असतात असे ऐकतो, आमच्या सखीमुळे तिच्या माणसांना दुःख होणार नाही असे वागा. शकुंतलेचे पालक पिता कण्व आश्रमात नाहीत. गांधर्व विवाहाला साक्षीदार नाही. निरोप घेताना राजा तिच्या बोटात आपल्या नावाची अंगठी घालतो आणि सांगतो की, रोज या नावातले एकेक अक्षर मोज, अक्षरे संपायच्या आत तुला न्यायला माणूस येईल. अक्षरे संपतात, माणूस येत नाही.

पाचव्या अंकाच्या सुरुवातीलाच अंतःपुरातून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते. राजाने एकदा प्रेम करून विसरलेली ही स्त्री. तिची समजूत घालायला तो विदूषक माढव्याला पाठवून देतो. तिच्या बाबतीत कुठलाच शाप नव्हता. ही जागा कालिदासाने उगाच ठेवलेली नाही. विसरणे ही या माणसाची जुनी सवय आहे, शापाने तिला फक्त भयंकर रूप दिले, असे तो शकुंतला दरबारात पाऊल ठेवण्याआधीच सुचवतो. मग शकुंतला येते. अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडली आहे. ती हरणाच्या पाडसाची आठवण सांगते आणि राजा समस्त स्त्रीजातीला उपजत कपटी ठरवतो. ती त्याला तोंडावर अनार्य म्हणते. कण्वशिष्य शार्ङ्गरव तिला तिथेच सोडून निघून जातो. गरोदर मुलीला नवराही नाही आणि माहेरही नाही.

सहाव्या अंकात कोळ्याकडून अंगठी मिळते, आठवण परतते आणि राजा वसंतोत्सव बंद करवतो, तिचे चित्र काढत बसतो. इथवर हा हळव्या प्रियकराचा शोक आहे. शोकाने कोणाचे नुकसान भरून येत नाही. मला दोन छोट्या जागा महत्त्वाच्या वाटतात. पहिली अंगठीला दोष देण्याची. राजा तिच्यावर रागावतो आणि लगेच थबकतो: अंगठी जड वस्तू, तिला गुणांची पारख नसेल, पण मी तरी प्रियेला का लाथाडले? हाताशी आलेली सबब तो स्वतःच फेकून देतो.

दुसरी जागा धनमित्राची. हा समुद्रावर व्यापार करणारा सावकार जहाज बुडून मेला आहे. त्याला मूल नाही, म्हणून संपत्ती राजाकडे जमा व्हावी, असा अमात्याचा अहवाल येतो. राजा विचारतो, त्याच्या बायकांपैकी कोणी गरोदर आहे का? साकेतच्या श्रेष्ठीची मुलगी गरोदर असल्याचे कळते. गर्भातले मूल वारस ठरते. पुढे तो दवंडी पिटवतो की, ज्याचा आप्त गेला असेल त्याचा आप्त दुष्यंत, पाप तेवढे सोडून. ज्या प्रश्नाने शकुंतलेचे आयुष्य वाचले असते, तो प्रश्न तो आता एका अनोळखी विधवेसाठी विचारतो. पश्चात्ताप राज्यकारभारात उतरतो. सत्ता ज्या हातांनी अन्याय करते, त्याच हातांना ती न्यायासाठी वापरावी लागते, हे कालिदासाने एका सरकारी टिपणातून दाखवले आहे.

सातव्या अंकात हेमकूटावर एकवेणी, मळकी वस्त्रे ल्यालेली शकुंतला भेटते. दुष्यंत तिच्या पायांवर डोके ठेवतो. ती म्हणते, उठा, माझ्याच पूर्वीच्या दुष्कृताचे ते फळ असावे. हे वाक्य मला प्रत्येक वाचनात खुपते. पायांवर राजा आहे आणि दोष तीच वाहते आहे. परंतु लगेच पुढे राजा अंगठी परत तिच्या बोटात घालू पाहतो, तेव्हा ती नकार देते: हिच्यावर माझा विश्वास नाही, आपणच घाला. क्षमा देते, खूण मात्र परत घेत नाही. यापुढे आठवणीची जबाबदारी त्याची. शकुंतलेच्या साऱ्या शालीनतेत हा नकार मला सर्वांत तेजस्वी वाटतो.

मग तो मारीचांसमोर स्वतः कबुली देतो, कण्वांचाही आपण अपराध केला असे म्हणतो. त्यानंतर शापाची हकीकत सांगितली जाते, आणि मारीच कण्वांकडे निरोप धाडतात. एक उणीव तरीही उरते. जिथे तिची बेअब्रू झाली त्या दरबारात, त्या माणसांसमोर कबुली झालेली आपल्याला दिसत नाही. महाभारतातल्या शकुंतलेला निदान ती मिळाली. ही उणीव मान्य करूनही मी कालिदासाच्या बाजूने उभा राहतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880 मधल्या ‘संगीत शाकुंतला’पासून ही कथा मराठी रंगभूमीवर गोड पदांच्या आठवणीत राहिली आहे. तिच्यातला हा कठोर भागही आपण लक्षात ठेवायला हवा. शापाने राजा दोषमुक्त होतो खरा, पण पुनर्मीलनाची योग्यता त्याने शाप कळण्याआधीच, स्वतःला दोषी मानून आणि तसे वागून मिळवलेली असते.