आत किती, बाहेर किती!

डॉक्टरांची चेष्टा मराठी वाचकाला नवी नाही. इंजेक्शनची सुई, कडू काढा आणि भरमसाट बिल एवढ्या भांडवलावर आपल्या विनोदी लेखकांनी कित्येक दिवाळ्या साजऱ्या केल्या आहेत. पण डॉक्टरानेच आपल्या विद्येकडे मिस्कीलपणे पाहावे आणि हसत हसत तिच्याकडे हिशेब मागावा, हे विरळा. म्हणूनच आर्ची कॉक्रन (१९०९–१९८८) या स्कॉटिश डॉक्टरांचे १९७२ साली निघालेले ‘इफेक्टिव्हनेस अँड एफिशिएन्सी’ हे छोटे पुस्तक मला मोलाचे वाटते. नाव सरकारी अहवालाला शोभेलसे. आतला लेखक मात्र गप्पिष्ट आणि खट्याळ आहे.

दहनगृहातल्या एका कामगाराला कॉक्रन विचारतात, या कामात तुला समाधान ते कसले? तो सांगतो की एवढे सगळे आत जाते आणि बाहेर इतके थोडे येते, याचीच मौज वाटते. कॉक्रन यांच्या मनात येते, याला सरकारी आरोग्यसेवेत नोकरी धरायला सांगावे! साऱ्या पुस्तकाचा प्रश्न हाच आहे. पैसा, तपासण्या, गोळ्या किती आत गेल्या आणि आरोग्य किती बाहेर आले? उत्तर शोधायची त्यांची रीत साधी आहे. जणू चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करावेत, दोघांना वेगवेगळे उपचार द्यावेत आणि मग मोजावे. मोठ्या डॉक्टरचे मत म्हणजे पुरावा नव्हे.

ही शंका त्यांनी आधी स्वतःवर चालवली, हे मला विशेष वाटते. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांचे युद्धकैदी होते. सलोनिकाच्या छावणीत सुमारे वीस हजार कैद्यांमागे ते एकटे डॉक्टर. अन्न अपुरे, घटसर्प आणि विषमज्वराच्या साथी, औषधे नावापुरती. शेकडो माणसे दगावतील असा त्यांचा अंदाज होता. सहा महिन्यांत मेली चार, आणि त्यांतलीही तीन पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी! दुसरा कोणी असता तर ‘माझ्या हाताचा गुण’ म्हणाला असता. कॉक्रन म्हणतात, श्रेय माझे नव्हे, शरीराच्या स्वतःच्या ताकदीचे.

दुसरा किस्सा त्यांच्या मृत्यूनंतर, १९८९ साली आलेल्या ‘वन मॅन्स मेडिसिन’ या आत्मचरित्रातला. हृदयविकाराचा झटका आलेल्यांना घरी ठेवावे की इस्पितळातल्या खास विभागात, याची चाचणी चालू होती. पहिले आकडे घराच्या बाजूला किंचित झुकले होते. फरक मात्र नगण्य. कॉक्रन यांनी मुद्दाम आकडे उलटे करून हृदयतज्ज्ञांपुढे ठेवले. तज्ज्ञ खवळले, ही चाचणी अनैतिक आहे, आत्ताच्या आत्ता थांबवा! मग कॉक्रन यांनी खरे आकडे दाखवले आणि विचारले, आता खास विभाग बंद करायचे का? सभेत चिडीचूप.

वाचकांनी यातून भलता अर्थ मात्र काढू नये. तेव्हाच्या खास विभागाच्या हाती आजच्या मानाने फारसे काही नव्हते. पुढे १९८८ साली ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीने अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारे औषध जीव वाचवते हे दाखवले. म्हणून आज छातीत कळ आली तर तडक इस्पितळ गाठावे. ज्या कसोटीने पोकळ उपचार उघडे पडतात, तिनेच खरे उपचार सिद्ध होतात. ‘डॉक्टर सगळे लुटारूच’ म्हणत लस नाकारणाऱ्याला हे पुस्तक साथ देत नाही.

तरी माझी एक तक्रार आहे. गुण मोजण्याच्या विचाराला या पुस्तकात जी धार आहे, ती शुश्रूषेच्या विचाराला नाही. ही उणीव आत्मचरित्र भरून काढते. जर्मनीतल्या छावणीत एका रात्री मरणासन्न, किंकाळ्या फोडणारा तरुण रशियन कैदी त्यांच्याकडे आणला गेला. फुप्फुसे पोखरलेली, मॉर्फिन नाही, अ‍ॅस्पिरिनचा उपयोग नाही, आणि रशियन समजणारे कोणी नाही. अखेर कॉक्रन यांनी खाटेवर बसून त्याला कवेत घेतले. ओरडणे थांबले. काही तासांनी तो शांतपणे गेला. दुखणे फुप्फुसाचे नव्हते, एकटेपणाचे होते, असे कॉक्रन यांना उमगले. आपले निदान चुकले या शरमेने त्यांनी ही गोष्ट कित्येक वर्षे कोणाला सांगितली नाही.

आपल्या सीमाभागात ही गोष्ट अधिक लागते. इथे रुग्ण मराठीत कण्हतो, दारावरचा फलक कन्नडमध्ये असतो आणि रिपोर्ट इंग्रजीत येतो. तिन्हींच्या फटीत माणूस हरवतो, आणि घाबरलेले घर ‘संपूर्ण तपासणी’च्या पॅकेजला होकार देऊन मोकळे होते. अशा वेळी दोनच प्रश्न विचारावेत. याने गुण येतो हे कशावरून? आणि हे केले नाही तर काय होईल? प्रश्न नम्रपणे, येईल त्या भाषेत विचारावेत. चांगला डॉक्टर रागावणार नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत घरातल्या कोणीतरी आजाऱ्याचा हात धरून बसावे. त्यासाठी कुठल्या रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही.