परीक्षेच्या टेबलावरची कला

ठाण्यातली कोपरी असो की डोंबिवली, चित्रकलेच्या क्लासची पाटी दिसली की तिच्यावर ‘एलिमेंटरी-इंटरमिजिएट’ बहुधा असतंच. कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षांमुळे स्थिरचित्र मराठी घरांत पोचलं. तांब्या, दोन फळं, मागे चुण्या पडलेलं कापड, एका बाजूनं उजेड. दहावीला वाढीव गुण मिळाले की बहुतेकांचा त्याच्याशी संबंध संपतो.

या चित्रप्रकाराला दुय्यम मानण्याची रीत जुनी आहे. १६६७ मध्ये फेलिबियाँ या फ्रेंच लेखकानं चित्रविषयांची उतरंड लावली, तिच्यात निर्जीव वस्तू तळाशी होत्या. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमधूनही युरोपीय शिस्तीचं शिक्षण इथे रुजलं. त्यात स्थिरचित्र म्हणजे प्रामुख्यानं हात बसवण्याचा सराव.

तरीही ही कला टिकली, कारण तिच्यात चित्रकाराला लपायला जागा नाही. कथा नाही, चेहरा नाही. उरतो तो फक्त रंग, आकार आणि पाहणाऱ्याची नजर.

कृष्णाजी हावळाजी आरा (१९१४–१९८५) यांनी हे ओळखलं. घरकाम करून पोट भरणारा हा स्वयंशिक्षित चित्रकार १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा संस्थापक-सदस्य. जलरंगही ते तैलरंगासारखे जाड लावत. त्यांच्या फुलदाण्यांतली फुलं नाजूक नसतात, अंगापिंडानं भरलेली असतात. वस्तू जशीच्या तशी उतरवण्यापेक्षा तिचं वजन त्यांना महत्त्वाचं वाटलं.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी तर टेबलच काढून टाकलं. त्यांच्या इनॅमल रंगांतल्या चित्रांत घड्याळ, पान अशा ओळखीच्या वस्तू मोकळ्या अवकाशात असतात. कोणती मोठी, कोणती लहान, हे यथार्थदर्शनाच्या नियमावर ठरत नाही. मनातल्या नात्यावर ठरतं. याला रूढ अर्थानं स्थिरचित्र म्हणता येणार नाही, पण वस्तूकडे इतक्या चिकाटीनं पाहणारा दुसरा मराठी चित्रकार सांगणं कठीण आहे.

या दोन वाटा असताना क्लासमधलं टेबल मात्र फारसं बदललेलं नाही. छायाभेद शिकवला जातो, वस्तूची निवड शिकवली जात नाही. ठाण्यात राहून चित्रकार सुधीर पटवर्धनांनी इथली माणसं, इमारती, उपनगरी गर्दी चित्रकलेत आणली. ठाण्याच्या घरांतल्या वस्तूंकडे तितक्या गांभीर्यानं पाहिलं गेलेलं नाही. चेंदणी कोळीवाड्यातली मासळीची पाटी, कोपरीतल्या छोट्या स्वयंपाकघरातला मिक्सर, खिडकीत लटकणारा चार्जर: यांत आकार, पोत आणि उजेड यांची कमतरता नाही.

मुलानं स्वतःच्या घरातली एक वस्तू आणावी, तीच का आणली ते सांगावं आणि मग रेखाटावी, एवढा बदल कोणत्याही क्लासला परवडेल. गुण कदाचित तेवढेच मिळतील. पण दहावीनंतरही कागद हातात घेणारी मुलं त्यातूनच निघतील.