मधले तीन दिवस

मागच्या दिवाळीत केज तालुक्यातल्या आमच्या घरी मी ओसरीच्या कडेला, तेलाच्या कापलेल्या डब्यात हरभऱ्याचे चार दाणे पेरले. समोर दोन विटांच्या फटीत जुना फोन उभा केला. रोज सकाळी सात वाजता एक फोटो घ्यायचा, एवढंच काम. सुट्टी संपल्यावर मी पुण्याला परतणार होतो, त्यामुळे बटण दाबणं आईकडे आलं. "रोज रोज काय बघायचं त्याच्यात? पळून चाललंय व्हय ते?" असं म्हणत तिने ते काम घेतलं. एक्केचाळीस दिवसांत अडतीस फोटो झाले. तीन दिवस राहून गेले. त्या तीन दिवसांबद्दल शेवटी सांगतो, कारण स्टॉप मोशनकडे बघायची माझी नजर त्यांच्यामुळे बदलली.

कल्पना अर्थातच उसनी होती. गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहून झपाटलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यम्सन कॅमेरा घेऊन आले. कॅमेरा आला, पण चित्रपटाला लागणारा पैसा नव्हता. सावकाराला खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत मटार लावला आणि महिनाभर त्याची वाढ टिपली. ती छोटी फिल्म म्हणजे 'अंकुराची वाढ'. ती पाहून कर्ज मिळालं आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

ही गोष्ट सांगताना सगळे म्हणतात की फाळके रोज एक चौकट घेत. फिल्म मिनिटाभराची होती, असंही सांगतात. माझ्यातल्या इंजिनिअरला ही दोन वाक्यं एकत्र बसेनात. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी धरल्या, तर रोज एक या हिशेबाने महिनाभराचे दोन सेकंदसुद्धा भरत नाहीत. मिनिटासाठी ९६० चौकटी लागतात, म्हणजे दिवसाला ३२. एकतर फिल्म डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपत असणार, नाहीतर त्या कुंडीसमोर दिवसभर कुणीतरी ठाण मांडून बसलेलं असणार. 'रोज एक चौकट' हे ऐकायला छान वाटतं, पण त्यात कष्ट फार स्वस्त होतात.

नेमकं बोलायचं तर मटाराची फिल्म हे टाइमलॅप्स. तिथे वस्तू स्वतःच बदलते, कॅमेरा फक्त अधूनमधून डोळा उघडतो. फाळक्यांनी पुढे १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केली, ती खरी स्टॉप मोशन. एमिल कोल नावाच्या फ्रेंच कलाकाराने त्याआधीच काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या, त्याचीच ही प्रेरणा. काडी आपणहून उगवत नाही की वाकत नाही. ती कुणीतरी सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, चौकट टिपायची, पुन्हा हात आत घालायचा. फाळक्यांच्या या दोन्ही फिल्म आज पाहायला मिळत नाहीत. पण दोन्हींमधला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे: मटारात आपण निसर्गाची वाट पाहतो, काडीत आपण स्वतःच निसर्ग होतो.

या कलेचे नियम ऐकायला सोपे आहेत. आज सेकंदाला २४ चौकटी असतात. बरेच ॲनिमेटर एक स्थिती दोन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला बारा स्थिती, मिनिटाला ७२०. बाहुलीचा हात उचलायचा तर सुरुवातीला थोडा थोडा, मध्ये जास्त आणि थांबताना पुन्हा थोडा थोडा सरकवायचा, म्हणजे हाताला वजन आहे असं वाटतं. सारख्या अंतराने सरकवला तर तो यंत्राचा हात वाटतो. उजेड आणि फोकस बांधून ठेवायचा, नाहीतर चित्र लुकलुकतं. माझ्या फोनने हे रोज आपल्या मर्जीने बदललं, म्हणून आमचा हरभरा एका सकाळी निळा दिसतो तर दुसऱ्या सकाळी पिवळा.

आणखी एक गोष्ट आपण बघताना ओळखतो, पण तिला नाव देत नाही. खऱ्या धावत्या माणसाचं चित्रीकरण एका चौकटीवर थांबवून बघा. हातपाय पुसट दिसतील. स्टॉप मोशनमध्ये मात्र टिपण्याच्या क्षणी वस्तू स्थिरच असते, म्हणून प्रत्येक चौकट लख्ख. अशा लख्ख चौकटी एकामागोमाग पळाल्या की तो ओळखीचा बारीक झटका जाणवतो.

तरुणपणी फाळके जादूचे प्रयोग करत. आपलं आडनाव उलटं करून त्यांनी 'प्रोफेसर केल्फा' असं नाव घेतलं होतं. जादूगाराला हात लपवण्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. स्टॉप मोशनही तशीच. हात दिसला की खेळ मोडला. म्हणून या कलेवर बोलताना चौकटीबाहेर कुणाकुणाचे हात होते, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

फाळक्यांच्या बाबतीत तो हात सरस्वतीबाईंचा होता. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसत. अंधारात बसून ती त्या पाडत. रसायनं मिसळणं, फिल्म धुणं त्या शिकल्या, आणि वर साठ-सत्तर माणसांच्या युनिटचा स्वयंपाकही बघत. भोकं सारख्या अंतरावर पडली नाहीत तर पडद्यावरचं चित्र थरथरतं. म्हणजे प्रेक्षकाला जे स्थिर चित्र दिसायचं, ती स्थिरता एका बाईने अंधारात मोजून दिलेली होती. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त (२००९) विभावरी देशपांडे यांची सरस्वती या वेडात हसतखेळत सामील होते. मला तो सिनेमा आवडतो, पण त्याचा आनंदी वेग मला थोडा खटकतो. त्यात कष्टांचीही मौज होते. भोकं पाडत बसलेल्या बाईचा कंटाळा दाखवायचा तर सिनेमाला थांबावं लागलं असतं.

हे थांबणं मला सापडलं 'टोकरी'मध्ये. मुंबईच्या स्टुडिओ इक्सॉरसमध्ये सुरेश एरियत यांनी केलेली, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली ही स्टॉप मोशन लघुफिल्म. गोष्ट छोटी आहे. मुलीच्या हातून वडिलांचं जिवापाड जपलेलं घड्याळ मोडतं आणि भरपाई करण्यासाठी ती टोपल्या विकायला निघते. गोष्टीचा शेवट कुठे जाणार, हे आधीच कळतं. भावनाही जरा गोड आहे. पण मुलगी टोपल्या घेऊन शहरात उभी राहते, तिथे या माध्यमाची ताकद दिसते.

कारण स्टॉप मोशनमध्ये नुसतं उभं राहणं फुकट मिळत नाही. नट उभा राहिला तर त्याचा श्वास, पापण्या आपोआप चालू असतात. बाहुली चार-दोन सेकंद तशीच सोडली तर ती मरते, मागे फक्त खेळणं उरतं. म्हणून वाट बघणाऱ्या बाहुलीलाही मान कणभर, खांदा कणभर असं हलवत राहावं लागतं. गिऱ्हाईक येत नाही म्हणून ताटकळलेल्या मुलीचा तो वेळ कुणीतरी खरोखर तेवढाच, किंबहुना त्याच्या शेकडो पट, घालवलेला असतो. टोपलीसुद्धा एकेक पट्टी विणत होते. विषय आणि पद्धत इथे एकमेकांना इतकी चिकटून आहेत की हीच गोष्ट माणसं घेऊन चित्रित केली असती तर कदाचित साधी रडकथा झाली असती.

वॉलेस आणि ग्रॉमिट या मातीच्या जोडीच्या अंगावर ॲनिमेटरच्या बोटांचे ठसे दिसतात. आर्डमन स्टुडिओने ते पुसून टाकण्याचा हट्ट धरला नाही. आता माझ्या फोनवर 'क्लेमेशन स्टाइल'ची रील येतात. कुणीतरी दोन ओळी लिहिलेल्या असतात आणि मशीनने मातीचं मांजर केलेलं असतं. त्यावरही बोटांचे ठसे असतात! ठसे आहेत, बोट नाही. याच क्षेत्रात पोट भरत असल्यामुळे मी त्या तंत्राला नावं ठेवणार नाही. दिसायला ते सुंदर असतं. माझा आक्षेप एवढाच की तिथे ठसा ही नक्षी झालेली असते. मूळ ठसा म्हणजे कुणीतरी इथे हात लावून गेल्याची खूण.

हा आक्षेप मी आधी स्वतःवरच घ्यायला हवा. डिसेंबरात घरी जाऊन मी आईचे अडतीस फोटो जोडले. सेकंदाला सहा, म्हणजे सगळा मिळून सहा सेकंदांचा सिनेमा. घर पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे फोनमागे उभ्या राहणाऱ्या आईची सावली अकरा फोटोंत डब्यावर पडली होती. ते अकरा फोटो मी आधी काढून टाकले. मग रोप इतकं उड्या मारायला लागलं की पुन्हा घातले.

राहिली ती तीन दिवसांची फट. अंकुर बोटभर असतो आणि पुढच्याच चौकटीत फांद्या फुटलेल्या. ॲपमध्ये 'स्मूद' असा पर्याय होता. तो दोन फोटोंच्या मधले फोटो अंदाजाने बनवून देतो. मी तो दाबला. हरभरा लोण्यासारखा वाढला. पण कोपऱ्यात काहीतरी विचित्र दिसलं. ओसरीच्या मोकळ्या फरशीवर धुक्यातून हळूहळू चार लहान चपला उगवत होत्या.

त्या मावशीच्या पोरांच्या चपला. आमच्याकडे दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात. ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच इथे 'कोयता' म्हणतात. मावशी आणि काकांचा कोयता त्या आठवड्यात कारखान्याकडे निघाला होता. दोन पोरं मागे राहणार होती, त्यांना आणायला आई मावशीच्या गावी गेली होती. ते तीन दिवस आमच्या ओसरीत फोटो काढायला कुणी नव्हतं. आणि ती परतली तेव्हा घरात दोन माणसं वाढली होती. ॲपने त्या चपलांना अलगद उगवलं, जणू त्या हरभऱ्याबरोबरच पेरल्या होत्या.

मी 'स्मूद' काढून टाकलं. फट तशीच ठेवली. सिनेमा आईला दाखवला. तिने दोनदा पाहिला. पोरांनी पंधरावीस वेळा पाहिला असेल.

"मधीच उडी मारतंय की ते," आई म्हणाली.

"तू नव्हतीस ना तवा."

"हां," ती म्हणाली. "पोरं आणायला गेल्ते."