रणभूमीवरील अवशेष आणि त्यांची पारख

नंदुरबार जिल्ह्यांत जुन्या लढायांचे अवशेष गोळा करण्याची हौस नव्यानें लागलेल्या मंडळींची एक रीत वारंवार दृष्टीस पडते. नांगराच्या तासांत लोखंडी गोळा किंवा गंजलेलें पातें सांपडलें, कीं प्रथम त्यास नांव द्यावयाचें, मग त्या नांवास शोभेल अशी लढाई शोधावयाची, आणि वस्तु नेमकी कोठें निघाली हा प्रश्न सर्वांच्या शेवटीं. तोही कोणीं विचारलाच तर. ही रीत मुळांतच उलटी आहे, व नवशिक्यांची हौस म्हणून तिची गय करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

या मुलखांत नुसत्या आकारावरून काळ ठरत नाहीं. फिरिश्त्याच्या लेखनाप्रमाणें १३०६ सालीं मलिक काफूरचा तळ सुलतानपुरास होता. त्याच शतकाच्या अखेरीस मलिक राजा फारुकीनें सुलतानपूर-नंदुरबारवर चाल केली व गुजरातच्या मुजफ्फरखानानें त्यास थाळनेरपर्यंत मागें रेटलें. पुढें मोंगल आले, मराठे आले, होळकरांच्या फौजा आल्या. या सर्वांचें लोखंड एकाच काळ्या जमिनींत गेलें, आणि ती जमीन तर उन्हाळ्यांत भेगाळून वरची वस्तु खालीं गिळणारी! तेव्हां खोलीचा पुरावाही जपूनच मानावा लागतो.

सर्वांत मोठा घोटाळा गारेच्या तुकड्यांचा. प्रकाशें येथें तापी व गोमाई यांच्या संगमाजवळच्या पांढरीचें उत्खनन पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनीं १९५४-५५ च्या हंगामांत केलें. तेथें सर्वांत खालच्या, ताम्रपाषाणयुगीन थरांत कॅल्सेडनीचीं लहान पातीं निघालीं. तसलें पातें शेतांत मिळालें, कीं तें कंपनीच्या शिपायाच्या बंदुकीची चकमक ठरतें! तीन हजारांहून अधिक वर्षांची चूक एका क्षणांत होते. पातें अरुंद, लांबट, समांतर कडांचें असतें. बंदुकीची चकमक जाड, चौकोनी, सुमारें इंचभर रुंद, आणि पोलादावर आपटून तिची एक कड चुरलेली असते. हें पाहण्यास डोळे पुरतात.

गोळ्यांचें तसेंच. सहा पौंडी तोफेचा ओतीव गोळा सुमारें साडेतीन इंच व्यासाचा. कारखान्यांतील दळणयंत्राचे गोळेही दिसण्यांत तसेच असतात. म्हणून व्यास व वजन दोन्ही घ्यावीं, सांच्याची शिवण शोधावी. इंग्रजी बंदुकीची शिशाची गोळी सुमारें ३२ ग्रॅम, म्हणजे पावणेतीन तोळे भरते. तोड्याच्या बंदुकीच्या गोळ्या गांवोगांव ओतल्या जात, त्यांस एक माप नाहीं. गोल दगड तर बहुधा जोंधळ्याच्या माळ्यावरचा गोफणगुंडा निघावयाचा. अक्राणी-तोरणमाळाकडे सांपडणाऱ्या तीराच्या लोखंडी टोंकावरून भिल्लांच्या बंडाची कथा रचणारांनीं हें ध्यानांत घ्यावें, कीं भिल्ल व पावरा यांचे तीरकामठे शिकारीसाठींही होते आणि बंडें शमल्यावरही पुष्कळ काळ चालू राहिले.

आतां स्थळाचें महत्त्व थाळनेरावरून पाहूं. हा किल्ला आज धुळें जिल्ह्यांत आहे. १९९८ पर्यंत नंदुरबारही त्याच जिल्ह्यांत होतें. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं जनरल हिस्लॉपच्या फौजेनें तो घेतला. आंतल्या दरवाजाशीं बोलणें चालू असतां मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदारास फांशी दिलें. तो दगा होता कीं गैरसमज, हा वाद तेव्हांपासूनचा. ब्लॅकरचा १८२१ चा ग्रंथ जिंकणाऱ्या फौजेंतील अधिकाऱ्याचा. त्याचा निवाडा तसाच स्वीकारणें न्यायाचें नव्हे. अशा वादांत कोणती गोळी कोणत्या दरवाजाशीं पडली, हीच निःपक्ष साक्ष. अमेरिकेंत लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या रणभूमीवर १९८४ सालीं प्रत्येक काडतुसाची जागा नकाशावर मांडून सैनिकांच्या हालचाली उलगडल्या. इकडे तीच गोळी खिशांत जाते, घरीं चिंचेनें नाहींतर कानशीनें घासली जाते, शिशावरचा पांढरा थर उडतो, आणि कपाटांत ‘शिवकालीन’ अशी चिठ्ठी तिच्यावर लागते.

नवशिक्यानें खणूं नये. उघड्यावर दिसलें तें जागीं ठेवून गांव, गट क्रमांक, बांधापासूनचें अंतर, मातीचा रंग लिहावा. छायाचित्र मापपट्टीसह घ्यावें. गंज काढूं नये. जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तु जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणें १८७८ च्या गुप्तधन कायद्यानें बंधनकारक आहे, हें बहुतेकांस ठाऊकही नसतें. माहीत नसलेल्या वस्तूपुढें ‘अनिश्चित’ लिहिण्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं. आम्ही तर अशा टिपणासच अधिक मान देऊं.

घाई करण्यासारखें एकच काम आहे, तें टिपणाचें. उकाईच्या धरणानें तापीकांठचा खालचा पट्टा बुडाला. सरदार सरोवरानें नर्मदाकांठच्या अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. त्या कांठांवरून पूर्वीं उचललेल्या वस्तु ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं वडीलधाऱ्यांस विचारून सांपडल्याची जागा आजच लिहून ठेवावी.