पडद्यामागे पोचण्याआधीची पंधरा वर्षे

अमेरिकेतल्या एखाद्या नामवंत ऑर्केस्ट्रात व्हायोलिनची एक जागा रिकामी झाली की देशभरातून शंभर-दीडशे वादक आपापल्या खर्चाने तिथे येऊन दाखल होतात. परीक्षक एका बाजूला, उमेदवार दुसऱ्या बाजूला आणि मध्ये पडदा. नाव नाही, फक्त क्रमांक. पावलांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून जमिनीवर गालिचा अंथरलेला असतो. बॉस्टन सिम्फनीने १९५२ साली हा प्रयोग केला आणि १९७० नंतर तो बहुतेक मोठ्या ऑर्केस्ट्रांनी उचलला. पडद्याने स्त्रियांसाठी दार उघडले, हे आता सर्वमान्य झाले आहे. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राऊस यांच्या २००० सालच्या प्रसिद्ध अभ्यासातल्या सांख्यिकीवर पुढे आक्षेप घेतले गेले. पण १९७० मध्ये पहिल्या पाच ऑर्केस्ट्रांत पाच टक्क्यांनाही न पोचलेल्या स्त्रिया आज न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये जवळपास निम्म्या आहेत, हे कुणी नाकारू शकत नाही. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत मात्र हाच पडदा निष्प्रभ ठरला. लीग ऑफ अमेरिकन ऑर्केस्ट्राज या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१४ मध्ये अमेरिकी ऑर्केस्ट्रांतल्या वादकांत कृष्णवर्णीय १.८ टक्के होते आणि २०२३ च्या अहवालात ते २.४ टक्के झाले. देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा तेरा टक्क्यांच्या आसपास आहे.

एकच पडदा एका गटाला न्याय देतो आणि दुसऱ्याला देत नाही, याचे कारण पडद्यात शोधून सापडणार नाही. ते पडद्यामागे उभे राहण्याआधीच्या पंधरा वर्षांत आहे. स्त्रिया संगीत महाविद्यालयांत आधीपासून शिकत होत्या. त्यांची तयारी झालेली होती आणि अडथळा शेवटच्या दारातला होता. तो दूर होताच त्या आत आल्या. कृष्णवर्णीय मुलांची वाट सहाव्या-सातव्या वर्षीच अडलेली असते. व्हायोलिन त्या वयात हातात यावे लागते. आठवड्याला एक धडा, रोजचा रियाज, दर दोन वर्षांनी मोठे वाद्य, उन्हाळी शिबिरे, आणि विशीत शिरताना एक व्यावसायिक दर्जाचे वाद्य. चांगल्या बासूनची किंमत पंचवीस-तीस हजार डॉलरच्या घरात सहज जाते. अमेरिकेत वर्ण आणि संपत्ती यांचे नाते सर्वांना ठाऊक आहे. या खर्चाची यादी केली तरी अर्धे उत्तर मिळते.

उरलेले अर्धे उत्तर पैशात मोजता येत नाही, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. ऑडिशनमध्ये उमेदवाराला वाद्यवृंदाच्या रचनांतले ठरावीक तुकडे वाजवावे लागतात. रिचर्ड स्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’ची सुरुवात जवळजवळ प्रत्येक व्हायोलिनवादकाच्या वाट्याला येते. ते स्वर छापील पानावर कुणालाही मिळतात. पण अमुक ऑर्केस्ट्राला तो तुकडा किती लयीत हवा असतो, गज कुठे उचलायचा, परीक्षक पहिल्या चार मात्रांत काय ऐकतात, हे पानावर लिहिलेले नसते. ते तिथे बसून आयुष्य काढलेला वादकच सांगू शकतो, आणि तो ते आपल्या शिष्याला सांगतो. म्हणजे आपण ज्याला गुरुमुखी विद्या म्हणतो, ती इतक्या काटेकोर लेखी परंपरेतही ठाण मांडून बसलेली आहे. ज्याला असा गुरू लाभला तो पडद्यामागे एकटा दिसला तरी एकटा नसतो.

याचा पुरावा एका जुन्या प्रकरणात मिळतो. १९६९ साली बासवादक आर्ट डेव्हिस आणि चेलोवादक अर्ल मॅडिसन यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने आपल्याला वर्णामुळे डावलले, अशी तक्रार शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे केली. १८४२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत पहिला कृष्णवर्णीय कायम वादक, व्हायोलिनवादक सॅनफर्ड ॲलन, १९६२ मध्ये आला होता आणि तक्रारीच्या वेळीही तो एकटाच होता. कायम नेमणुकीच्या मुद्द्यावर आयोगाने तक्रारदारांच्या विरोधात निर्णय दिला. पण बदली आणि जादा वादक बोलावण्याच्या पद्धतीवर बोट ठेवले: ही कामे आपल्या माणसांच्या जाळ्यातून वाटली जातात आणि त्यात भेदभाव आहे. या निष्कर्षाचे महत्त्व त्या खटल्यापुरते नाही. बदलीच्या चार मैफिलींत तरुण वादक ऑर्केस्ट्राचा कान ओळखतो, त्याचे नाव वादकांच्या तोंडी येते, पुढच्या ऑडिशनची तयारी कशी करायची हे त्याला कळते. अभिजात संगीताचा व्यवहार नेहमीच मार्गदर्शनावर चालत आला आहे. ते घरात, नात्यात, गुरूच्या ओळखीत मुरलेले होते, म्हणून कुणाला दिसले नाही. आज कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांसाठी मार्गदर्शनाचे उपक्रम निघाले की त्यांना खास सवलत म्हटले जाते. खरे पाहता जी गोष्ट इतरांना वशिल्याने किंवा वारशाने मिळत होती, तीच इथे उघडपणे, नियम करून दिली जाते.

वारसा किती दूर नेतो याचे उदाहरण मुंबईतच आहे. वाद्यवृंदसंचालक झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक होते आणि १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. पुढे १९७८ ते १९९१ याच न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची सूत्रे सांभाळणारा हा पारशी मुलगा युरोपात पाऊल ठेवण्याआधी घरातच सिम्फनी ऐकत वाढला होता. असा वारसा नसेल तर साखळी एकेक कडी जोडत बनवावी लागते. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये २०१४ साली मुख्य क्लॅरिनेटवादक झालेला अँथनी मॅकगिल हा तिथल्या कोणत्याही वाद्याच्या प्रमुखपदावर आलेला पहिला कृष्णवर्णीय. शिकागोच्या साउथ साइड भागात वाढताना थोरला भाऊ डेमार बासरी वाजवत होता, परिसरातल्या कृष्णवर्णीय मुलांचा एक छोटा वाद्यवृंद होता, मेरिट ही संगीतशाळा होती. मग इंटरलॉकन, मग कर्टिस या संगीतसंस्था. यातली एकही कडी निसटली असती तर पुढची हाती लागली नसती. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा शेकू कॅने-मेसन २०१६ मध्ये ‘बीबीसी यंग म्युझिशियन’ ही स्पर्धा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. तो सरकारी शाळेत शिकला आणि शनिवारी लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या कनिष्ठ विभागात जात असे. जिंकल्यावर काही काळाने त्याने आपल्या शाळेला तीन हजार पौंडांची देणगी दिली, म्हणून दहा मुलांचे चेलोचे धडे चालू राहिले. इतक्या रकमेवर दहा मुलांचे शिक्षण अडलेले असते, हे एका श्रीमंत देशाचे वास्तव आहे.

म्हणून या उपक्रमांचे मोल ठरवताना ते साखळीच्या किती कड्या धरून ठेवतात, हा निकष लावावा. बॉस्टनमध्ये १९८२ पासून चाललेला ‘प्रोजेक्ट स्टेप’ लहान मुलांना तंतुवाद्ये शिकवायला घेतो आणि शाळा संपेपर्यंत सोडत नाही. माझ्या दृष्टीने हा सर्वांत शहाणपणाचा नमुना आहे, कारण त्यात घाई नाही. ॲरन ड्वॉर्किन या व्हायोलिनवादकाने १९९७ मध्ये मिशिगनमध्ये स्थापन केलेली ‘स्फिंक्स’ संस्था आधी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांच्या स्पर्धेमुळे गाजली. पण स्पर्धा तयार झालेल्यांनाच बोलावते, हे त्यांच्या लवकर ध्यानात आले असावे. पुढे डेट्रॉइट आणि फ्लिंटच्या मुलांना मोफत व्हायोलिन शिकवण्यापासून संस्थांचे व्यवस्थापक घडवण्यापर्यंत त्यांनी काम पसरवले. २०१८ मध्ये स्फिंक्स, न्यू वर्ल्ड सिम्फनी आणि ऑर्केस्ट्रांची लीग यांनी मिळून ऑडिशन देणाऱ्यांसाठी एक योजना सुरू केली, त्यात शिकवणीबरोबर प्रवासखर्चही दिला जातो. चेलोवादकाला विमानात वाद्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या तरतुदीचे महत्त्व सांगावे लागणार नाही. लंडनमध्ये डबल बासवादक ची-ची न्वानोकू यांनी २०१५ मध्ये ‘चिनेके!’ उभी केली. तिच्या कनिष्ठ वाद्यवृंदात अकरा ते बावीस वर्षांची मुले वाजवतात आणि ज्येष्ठ वृंदातले वादक त्यांना शिकवतात. आपल्यासारखा दिसणारा माणूस पहिल्या रांगेत बसलेला पाहणे, हीही एक शिकवण आहे.

यावर सर्वांत जुना आक्षेप गुणवत्तेचा. कलेत वर्ण पाहू नये, कान पाहावा. हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे, आणि नेमके त्याच कारणासाठी मार्गदर्शन हवे. १९८९ साली मिशिगनच्या दोन आमदारांनी निधी अडवण्याची धमकी दिल्यावर डेट्रॉइट सिम्फनीने रिचर्ड रॉबिन्सन या कृष्णवर्णीय बासवादकाला ऑडिशनशिवाय घेतले. आपण सगळ्यांसारखी परीक्षा देऊन आलो असतो तर बरे झाले असते, असे स्वतः रॉबिन्सन यांनीच बोलून दाखवले. दारात सूट दिली की आत येणाऱ्याच्या कौशल्यावर कायमचा डाग पडतो. २०२० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक अँथनी टोमासिनी यांनी पडदाच काढून टाकावा, असे सुचवले. त्यांची तळमळ खरी होती, पण उपाय मला पटत नाही. पडदा राहू द्यावा, उलट शेवटच्या फेरीतही राहू द्यावा. अनेक ऑर्केस्ट्रा तो नेमका तिथेच काढतात. मात्र पडद्यामागे येणाऱ्यांत विविधता कशी येईल, याची जबाबदारी ऑर्केस्ट्राने घ्यावी.

दुसरा आक्षेप असा की कृष्णवर्णीयांची स्वतःची थोर परंपरा आहे, जॅझ आहे, चर्चचे गाणे आहे. त्यांना बेथोव्हेन हवाच आहे हे कुणी ठरवले? हा प्रश्न आदराच्या भाषेत येतो, पण इतिहासापुढे टिकत नाही. रॉन कार्टर हे जॅझमधले मोठे नाव. ते ईस्टमन संगीत महाविद्यालयात अभिजात संगीत शिकून १९५९ मध्ये पदवीधर झाले आणि कृष्णवर्णीयांना ऑर्केस्ट्रात जागा नाही हे कळल्यावर जॅझकडे वळले. नॉर्थ कॅरोलायनातल्या ट्रायॉन गावी युनिस वेमन नावाची मुलगी पियानो शिकत होती. म्युरिअल मॅझनोविच या गोऱ्या शिक्षिकेने तिला बाखची गोडी लावली, गावाने तिच्या शिक्षणासाठी निधी जमवला, जुलियार्डमध्ये ती तयारीला गेली. १९५१ मध्ये कर्टिसने तिला प्रवेश नाकारला, आणि तो वर्णामुळेच नाकारला असे ती अखेरपर्यंत म्हणत राहिली. ही मुलगी पुढे नीना सिमोन म्हणून जगाला माहीत झाली. २००३ मध्ये, तिच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी, त्याच कर्टिसने तिला मानद पदवी दिली. जॅझ हा अनेकांचा पहिला ध्यास होता, पण काहींसाठी ते बंद दारापुढून वळलेले पाऊलही होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आणि युनिसची कहाणी मार्गदर्शनाची मर्यादाही दाखवते: शिक्षिका, गाव, पैसा, कष्ट, सारे जुळून आले तरी दरवाजा आतून बंद असू शकतो.

आशियाई वंशाचे वादक अमेरिकी ऑर्केस्ट्रांत दहा टक्क्यांच्या वर आहेत, मग वर्णाचा अडसर कसला, असेही विचारले जाते. त्यांतले बरेचसे अशा कुटुंबांतून आणि देशांतून आले, जिथे लहानपणापासून वाद्य शिकवण्याची व्यवस्था पक्की होती. म्हणजे हे उदाहरण माझ्याच म्हणण्याला बळ देते. गोव्याचेही तसेच. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फेज (स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकवले जाई. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला स्टाफ नोटेशन वाचणाऱ्या वादकांची गरज पडली तेव्हा माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि त्यांच्यासारखे अनेक गोमंतकीय तयार होते. पुढे गोन्साल्विस यांच्याकडेच संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. त्या शाळा वसाहतीच्या आणि धर्मप्रसाराच्या गरजेतून निघाल्या होत्या, ते विसरता येत नाही. पण गावोगावी, कमी खर्चात, बालवयात मिळालेल्या शिक्षणाने एका छोट्या प्रदेशातून पिढ्यान्‌पिढ्या वादक कसे निघतात, हे त्यातून दिसते.

माझा खरा आक्षेप या उपक्रमांवर नाही, त्यांच्या आड लपणाऱ्या संस्थांवर आहे. १९७० च्या दशकापासून अनेक ऑर्केस्ट्रांनी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांसाठी फेलोशिप काढल्या. दोन-तीन वर्षे तरुण वादक वृंदात बसतो, शिकतो, माहितीपत्रकात त्याचे छायाचित्र छापले जाते. मग मुदत संपते आणि तो बाहेर पडतो, त्याच्या जागी दुसरा येतो. वृंदाची कायम यादी आहे तशीच राहते. मार्गदर्शन हे नेमणुकीचे बदली रूप झाले की ते फसवे ठरते. जो ऑडिशन जिंकतो त्यालाही एक-दोन वर्षे प्रोबेशनवर काढावी लागतात, आणि तेव्हा पडदा नसतो. सहकारी त्याच्या वादनाबरोबर ‘जुळते की नाही’ हेही पाहतात. या शब्दात किती पूर्वग्रह मावू शकतात याची कल्पना करणे अवघड नाही. मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज तिथे आहे आणि तिथे ते जवळजवळ नाहीच. कार्यक्रमपत्रिकेचेही तसेच. फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय संगीतकार स्त्रीची पहिली सिम्फनी १९३३ मध्ये शिकागो सिम्फनीने वाजवली, आणि तिची कितीतरी हस्तलिखिते २००९ मध्ये इलिनॉयमधल्या एका पडीक घरात सापडली. ज्या मुलाला आपली पूर्वज संगीतकार अशी पडक्या घरात भेटते, त्याला ही परंपरा आपली वाटावी यासाठी वाजवणाऱ्या संस्थांनी काही करायला हवे.

आता वारे उलट दिशेने वाहत आहे. शिकागोतली ‘इक्विटी आर्क’ ही संस्था ऑर्केस्ट्रांत ज्यांचे प्रमाण कमी आहे अशा वर्णांच्या तरुण वादकांना अनुभवी वादकांशी जोडते. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचा म्हणून ओळखला जाणारा मरीन बँड तिच्या शालेय वादकांबरोबर २०२५ मध्ये एक मैफल करणार होता. ऑडिशनमधून निवडलेली ती मुले होती. विविधतेच्या सरकारी कार्यक्रमांवर बंदी घालणारा आदेश निघाला आणि मैफल रद्द झाली. तेव्हा लष्करी बँडमधून निवृत्त झालेले वादक पुढे आले. त्यांनी तालमी घेतल्या, आणि वॉशिंग्टनजवळच्या सभागृहात त्या मुलांबरोबर एकाच वृंदात बसून वाजवले.